मुराळ्याची गाडी

आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. बाकीचा महाराष्ट्र या सणाला अक्षय्य तृतीया म्हणतो, गुंजभर सोनं घेतो आणि मोकळा होतो. आमच्याकडे झाडांना झोके बांधतात, गौराई बसवतात, मांडे करतात आणि सासरी गेलेल्या पोरींची वाट बघतात. पण पोरी आपल्या मनाने उठून येत नाहीत. माहेरचं माणूस घ्यायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही, मग ती नवी नवरी असो नाहीतर स्वतः सासू झालेली असो.

मी अक्काचा मुराळी. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिला रावेरला दिली, केळीच्या बागायतदाराच्या घरी. मी धुळ्याला, वडिलांनी बांधलेल्या घरात. आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवलं आणि रिटायर झालो, म्हणून गल्लीत मला मास्तर म्हणतात. आईवडील गेल्यावर अक्काचं माहेर म्हणजे मी, माझी बायको आणि अंगणातला कडुनिंब, एवढंच उरलं होतं.

मी तापट आहे. बायको म्हणते, हा कुकर शिट्टी न देताच फुटतो. आता जे सांगणार आहे त्यात माझ्या रागाचा भाग मोठा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

चार वर्षांपूर्वी मी अक्काला आणायला रावेरला गेलो होतो. माझी गाडी छोटी, लाल, सेकंडहँड घेतलेली, तेव्हाच तिला दहा वर्षं होऊन गेली होती. अक्का मागे बसली, मांडीवर पिशवी घेतली, मी चावी फिरवली आणि गाडी चालूच होईना. घड काढायला आलेले चार मजूर अंगणात होते, त्यांनी ढकलली. ओट्यावर आठदहा माणसं बसलेली. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, तिथून मोठ्याने म्हणाले, मुराळी गाडी घेऊन आले, पण ती ढकलायला माणसं आणायची विसरले वाटतं? सगळा ओटा हसला. दाजी चेष्टेखोर, त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मागच्या सीटवर अक्काही हसली. ते मला लागलं. जळगाव येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. शेवटी तीच म्हणाली, लहानपणी होतास तसाच राहिलास.

पुढच्या आखाजीला मी गेलो नाही. परीक्षेची ड्युटी आहे म्हणून कळवलं. त्याच्या पुढच्या वर्षी बायकोचे गुडघे पुढे केले. तिसऱ्या वर्षी काय सांगितलं तेही आठवत नाही. मुराळी नाही म्हणजे अक्का नाही. दर वर्षी सणाच्या सकाळी तिचा फोन यायचा, झोका बांधला का म्हणून. मी हो म्हणायचो. कुणासाठी बांधणार होतो? कडुनिंब तसाच उभा असायचा. तीन वर्षं मी तिला खोटं सांगितलं, आणि तीन वर्षं ती बरं म्हणाली.

मग गेल्या दिवाळीनंतर तिची पाठ धरली. पाठीचं दुखणं म्हणून तेल लावणं झालं, शेकणं झालं, आणि जळगावला तपासण्या केल्या तेव्हा कळलं की कॅन्सर मणक्यात उतरलाय. दोनदा तिला ॲम्ब्युलन्सने जळगावला नेलं, दोनदा घरी आणलं. दुसऱ्या वेळी मी बसने गेलो आणि दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसलो. तिने माझं मनगट धरलं. मला पुन्हा इथे आणू देऊ नको म्हणाली. आणि म्हणाली, यंदा आखाजीला मला घरी ने.

बास, एवढंच. त्या बाईने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी डॉक्टरांना गाठून विचारलं. ते म्हणाले, बसून जमणार नाही, आडवं न्या, हिसका बसता कामा नये, उन्हाचा त्रास होता कामा नये. आणि जेवढ्या लवकर न्याल तेवढं बरं. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणायला मला जागा नाही.

दाजी बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्याकडे मोठी गाडी, मागचं सीट पूर्ण आडवं होतं, एसी असा की हुडहुडी भरावी. ते म्हणाले, माझी गाडी न्या, ड्रायव्हर देतो, तुम्ही तिच्याजवळ बसा. सरळ मनाने म्हणाले. खरं तर मुराळ्याने स्वतःचीच गाडी आणावी असा काही आमच्यात नियम नाही. आमचे आजोबा दुसऱ्याची बैलगाडी मागून नेत. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी म्हणालो, आमच्या पोरीला आम्ही आमच्या गाडीने नेऊ. दाजी बरं म्हणाले.

धुळ्याला येऊन मी अंगणात गाडी उभी केली आणि खोलायला घेतली. महाशिवरात्र नुकतीच झाली होती. आखाजीला अजून दोन महिने होते.

काम मला येत होतं, याचा मला माज होता. पुढचं डाव्या बाजूचं सीट काढलं. त्याच्याच बोल्टांच्या भोकांवर चौकोनी पाइपाची चौकट बसवली, ती मागच्या सीटपर्यंत नेली, वर जाड प्लायवूडची फळी टाकली. अक्काला दारातून वाकवून आत घालणं जमणार नाही हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा फळीखाली कपाटाच्या खणाला असतात तसल्या सरकत्या पट्ट्या लावल्या, चांगल्या भक्कम. पुढचं दार उघडलं की फळी अर्धी बाहेर सरकायची. तिच्यावर माणूस निजवायचं आणि हळूच आत ढकलायचं. पहिल्यांदा ती सरकली तेव्हा मी एकटाच अंगणात हसलो.

पुढचे शॉकअप बदलले, मागच्या स्प्रिंगा बदलल्या, खालचे सगळे रबरी बुश नवे टाकले. एसी कित्येक वर्षं मेलेलाच होता. त्याचा कॉम्प्रेसर बदलला, पाइप बदलले, गॅस भरून आणला. दारांच्या आतून जाड फेल्ट चिकटवलं, म्हणजे आवाज नको आणि ऊनही नको. गादीचं काम शेजारच्या गल्लीतल्या चाचांना दिलं. चाचा गाड्यांची सीट कव्हरं शिवतात, सत्तरी ओलांडली आहे, नजर अजून धारदार. त्यांनी अक्काची उंची विचारली, वजन विचारलं, कुठे दुखतं ते विचारलं, आणि कमरेच्या जागी मऊ आणि मांड्यांखाली घट्ट अशी गादी बनवून आणली. मजुरी सांगेनात. माहेरी येणाऱ्या बहिणीच्या गादीची मजुरी घेत नाही म्हणाले.

मग चाचणी. बायकोला फळीवर निजवलं, पट्टा बांधला आणि साक्रीच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता मी मुद्दाम निवडला, खड्डे बघून. जाताना बायको छताकडे बघत म्हणाली, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मला कधी असं मिरवलं नाही. येताना तिला झोप लागली. मी आरशात बघितलं, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मला गाडीतून उतरून नाचावंसं वाटलं.

तो पाडव्याचा आदला दिवस. दुसऱ्या दिवशी मी निघू शकलो असतो. आखाजीच्या महिनाभर आधी पोर माहेरी आली तर कुणी परत पाठवत नाही.

पाडव्याला अक्काचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. घरात तिच्याशी आम्ही अहिराणीच बोलायचो. मी तिला शॉकअप सांगितले, फळी सांगितली, गादी सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, गाडी जशी शे तशी लई ये."

जशी आहे तशी घेऊन ये. मी म्हणालो, आठ दिवस थांब अक्का, थोडंसं राहिलंय.

काय राहिलं होतं? रंग. दुसरं काहीही राहिलं नव्हतं. गाडीचा लाल रंग उडून बॉनेटवर नारिंगी चट्टे पडले होते, दाराच्या खाली गंज होता, मागे एक पोचा होता. ही गाडी मी पुन्हा त्या ओट्यासमोर उभी करणार होतो. आतली फळी, आतली गादी, एसी, हे ओट्यावरून दिसत नाही. ओट्यावरून दिसतो तो रंग. मी बायकोला सांगितलं की पांढरा रंग दिला की ऊन कमी लागतं, आत गार राहतं. हे खोटं नाही. पण रंगाचं खरं कारण ते नव्हतं.

चाचा संध्याकाळी आले, गाडीभोवती फिरले, आणि पॉलिश पेपर घासत बसलेल्या मला म्हणाले, "मास्तर, गाडी तो हो गई. अब जाओ."

मी त्यांच्यावर खेकसलो. ज्या माणसाने मजुरी घेतली नाही त्याच्यावर खेकसलो. तुम्ही तुमचं गादीचं बघा म्हणालो. चाचा मान हलवून निघून गेले. नंतर बायकोनेही विषय काढला, की दाजींची गाडी मागवा, तुम्ही त्यात बसून जा, गाडीला नसतं महत्त्व, माणसाला असतं. तिच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

रंगाचं काम घरीच करायचा हट्ट. फवाऱ्याचं मशीन भाड्याने आणलं. पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला. आणि चैत्रातलं धुळे, दुपारी वारा सुटला की समोरचं घर दिसत नाही. पहिला हात ओला असतानाच वावटळ आली आणि सगळ्या गाडीवर धूळ बसली, हात फिरवला तर खरखर लागायची. सगळं परत घासलं. पुन्हा मारला, तर ओघळ आले. पुन्हा घासलं. कुणी शहाणा असता तर म्हणाला असता, मरू दे, निघ. मी अंगणात चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या, जमिनीवर पाणी मारलं आणि पहाटे वारा पडलेला असताना तिसऱ्यांदा रंग दिला. आठ दिवसांचा महिना झाला. तेवढ्या दिवसांत अक्काचा फोन दोनदा आला. दोन्ही वेळा माझे हात रंगाने भरलेले होते, बायको बोलली. तिसऱ्यांदा आला नाही. मला वाटलं, समजली असेल ती.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी निघालो. कडुनिंबाला झोका बांधला होता, या वेळी खरोखरचा. बायकोने अक्कासाठी साडी घेऊन ठेवली होती. गाडी अशी चमकत होती की माझं तोंड बॉनेटमध्ये दिसत होतं. पारोळा, एरंडोल, जळगाव, कुठे एक खडखड नाही. बाहेर आग ओकणारं ऊन आणि आत गारवा. शेजारी रिकामी गादी होती, आणि मी रस्ताभर तिच्याशी मनातल्या मनात बोलत होतो, इथे तुला हे दाखवीन, तिथे थांबून उसाचा रस पाजीन.

रावेरला दारात गाडी उभी केली. दाजी ओट्यावरून उठून आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला, वाकून आतली फळी बघितली. मग म्हणाले, मास्तर, मानलं तुम्हाला. चार वर्षं मी हे ऐकायला टपलो होतो. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आनंद झाला. चांगला भरभरून झाला. अक्का कशी आहे हे मी त्यानंतर विचारलं.

दाजींचे डोळे भरले. आठ दिवसांत खूप उतरली म्हणाले. दुखू नये म्हणून औषध वाढवलंय, त्याने मधूनच माणसांची गल्लत होते. मला कळवलं का नाही, असं मी चिडून विचारलं. ते म्हणाले, तिनेच नको म्हणून सांगितलं होतं, तो घाई करेल आणि काम बिघडलं की चिडेल.

आत गेलो. अक्काने मला ओळखलं. भाऊ म्हणाली आणि हसली. सकाळीच हट्ट करून नवं पातळ नेसली होती. खाटेवर ते पातळच जास्त आणि ती कमी होती. मी म्हणालो, चल, घ्यायला आलोय. तिने दोन्ही हात माझ्याकडे केले. आम्ही तिला चादरीवर उचलून ओट्यावर आणली. मी पुढे होऊन दार उघडलं आणि फळी बाहेर ओढली. माझी करामत तिने बघावी म्हणून जरा जोरातच ओढली.

अक्काने बघितलं. पांढरी गाडी. आतून सरकत बाहेर येणारी फळी. तिच्यावर गादी, गादीला पट्टे. याच अंगणातून तिला दोनदा जळगावला अशीच नेली होती.

तिने ओट्याचा खांब धरला. त्या अंगात तेवढी ताकद कुठून आली देव जाणे, आम्हाला तिची बोटं सोडवेनात. मी सांगायला लागलो, अगं अक्का, ही आपली गाडी, मी रंग दिला, ही फळी मी बनवली, आपल्या घरी जायचंय, धुळ्याला, झोका बांधलाय. जितकं सांगत गेलो तितकी ती घाबरत गेली. म्हणाली, भाऊची गाडी लाल आहे. दाजींनीही समजावलं. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला म्हणाली, "तू बी त्यासले मिळी गया का, भाऊ?"

तूही त्यांना सामील झालास का. राग नव्हता तिच्या बोलण्यात. राग असता तर मला चाललं असतं, रागाशी माझी ओळख आहे.

तिला आत नेली. मी दाजींना म्हणालो, तुमची गाडी काढा, मी तिला मांडीवर घेऊन बसतो. एवढ्या सोप्या शब्दांत म्हणालो, तोंडातून निघायला काही अडचण आली नाही. दोन महिन्यांपूर्वी हेच म्हणायचं होतं. दाजींनी जळगावच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आता हलवू नका, श्वास बरोबर नाही. दाजींनी फोन ठेवला आणि आम्ही दोघे म्हातारे खाटेच्या दोन बाजूंना बसलो.

आखाजी मी रावेरलाच काढली. अक्का झोपेतच होती. शेजारच्या घरी मुंबई-पुण्याहून पोरी आल्या होत्या, त्यांच्या झोक्यावरच्या हसण्याचा आवाज येत होता. मी उठून खिडकी लावली. सणाच्या दुसऱ्या दिवशी दाजींनीच मला सांगितलं, घरी जाऊन या, कपडे तरी बदला, चार दिवसांनी परत या. मी गेलो. मला तिथून पळायचं होतं, हेही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला माहेरची साडी नेसवतात. ती आल्याशिवाय पुढचं काही होत नाही. बायकोने कपाटातून साडी काढली, आखाजीला अक्काला द्यायची म्हणून घेतलेली, मोरपंखी, लाल काठाची. दुसरी घ्यायला वेळ नव्हता. बायको माझ्या मागच्या सीटवर बसली आणि साडी तिने पुढे फळीवर, गादीवर ठेवली. घसरू नये म्हणून मी वरून पट्टा लावला.

जळगाव मागे पडलं, नशिराबाद आलं. तिथून पुढे गावागावाला गतिरोधक. प्रत्येक ठिकाणी मी गाडी पहिल्या गिअरमध्ये आणायचो, आधी पुढचं चाक अलगद उतरवायचो, मग मागचं. मागून केळीचे ट्रक हॉर्न मारत होते.  शेवटी बायको म्हणाली, "अहो, जरा जोरात घ्या. ते लोक थांबलेत. आता हळू कशाला?"

मला तिचं म्हणणं पटलं होतं. पण पुढचा गतिरोधक आला आणि माझा पाय पुन्हा ब्रेकवर गेला.